जोसेफसनचा सांधा आणि विजेचे अतिशीघ्र स्पंद

आखाजीच्या सणाला आपल्या खानदेशांत निंबाच्या फांदीला झोके बांधतात. सासुरवाशिणी माहेरीं येतात, झोक्यावर बसून गाणीं म्हणतात. आणि झोका देणारी मुलगी एक गोष्ट कोणी न शिकवतां जाणत असते. झोका परत फिरेल त्याच क्षणीं थाप द्यावयाची. आधीं नाहीं, मागून नाहीं. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें त्याचें कागदावरचें नांव मोठें अवघड आहे: अतिवाहक सांध्यांपासून विजेचे अतिशीघ्र स्पंद उत्पन्न करणें. परंतु त्याचें मर्म या झोक्यांत आहे, आणि भाषण संपेपर्यंत आपणांस दोन वेळां तरी या झोक्याकडे परत यावें लागेल.

‘अतिशीघ्र’ म्हणजे किती शीघ्र, हें प्रथम ठरवूं. जळगांव आकाशवाणीची मध्यम लहर ९६३ किलोहर्ट्झची, हें आमच्या पिढीला पाठ होतें. त्या लहरीचें एक आंदोलन सेकंदाच्या सुमारें दहा लाखाव्या भागांत पुरें होतें. हा काळ आपल्या मनाला अगदींच लहान वाटतो. पण ज्या स्पंदांविषयीं मी बोलतों आहें, तसे स्पंद एकामागें एक मांडले तर त्या एका आंदोलनाच्या अवधींत ते पांच लाखांहून अधिक मावतील. एक स्पंद सुमारें दोन पिकोसेकंद टिकतो. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग करावे, त्यांतील एका भागाला पिकोसेकंद म्हणतात. जळगांवहून धुळ्याचें अंतर सुमारें ९० किलोमीटर. प्रकाशाला तें ओलांडावयास सेकंदाचे तीन दशसहस्रांश लागतील. तोच प्रकाश दोन पिकोसेकंदांत अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक सरकतो, म्हणजे खसखशीचा एक दाणाही ओलांडीत नाहीं.

इतका अल्प काळ टिकणारा विजेचा ठोका साध्या तारांनीं आणि बटणांनीं उत्पन्न होत नाहीं. तारेचा रोध, तिच्या आसपास सांठणारा विद्युद्भार, यांमुळें ठोक्याची धार बोथट होते. टीपकागदावर पडलेल्या शाईप्रमाणें तो पसरतो. धार राखावयाची तर रोधच नको. आणि रोध मुळींच नसलेले पदार्थ जगांत आहेत.

इ.स. १९११ मध्यें हॉलंडांतील लायडन येथें कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेंत पाऱ्याचा विद्युद्रोध मोजतां मोजतां असें आढळलें कीं, निरपेक्ष शून्याच्या वर सुमारें ४.२ अंशांवर, म्हणजे आपल्या उष्णतामापकाच्या उणें २६९ अंशांवर, तो रोध एकाएकीं नाहींसा होतो. कमी होतो असें नव्हे, नाहींसाच होतो. मे महिन्यांत पंचेचाळीस अंशांत होरपळणाऱ्या आपल्या जिल्ह्यांतील माणसाला या थंडीची कल्पना देणें कठीण आहे. ती आपल्या उन्हाळ्याच्या तीनशें अंश खालीं असते. ही थंडी ओनेस यांना साधली, कारण १९०८ सालीं त्यांनींच हेलियम वायु प्रथम द्रवरूप केला होता.

हेलियमचें नांव निघालें म्हणून जातां जातां एक गोष्ट सांगून टाकतों. आपल्याकडे हेलियमचा शोध विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लागला असें पुष्कळांच्या मनांत असतें. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणांत जान्सेन या फ्रेंच ज्योतिष्यानें गुंटूर येथून सूर्याचा वर्णपट पाहिला. लॉकियर त्या वेळीं इंग्लंडांत होते. त्यांनीं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरांत, ग्रहण नसतांना, तो वर्णपट पाहिला. विजयदुर्गास लॉकियर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं. दोन ग्रहणांची ही गल्लत झाली आहे, आणि कोंकणाच्या अभिमानापायीं ती दुरुस्त करावयास कोणी फारसा धजत नाहीं.

असो. अतिवाहकता ही आपल्या गांवापासून फार दूरची गोष्ट आहे असें मात्र समजूं नये. जळगांवांत किंवा धुळ्यांत ज्या रुग्णाला एम्. आर्. आय. यंत्रांत निजवितात, त्याच्या भोंवतीं बहुधा नायोबियम आणि टायटेनियम यांच्या मिश्रधातूची अतिवाहक तार गुंडाळलेली असते, आणि ती द्रव हेलियमनें थंड राखलेली असते. आपल्यापैकीं कित्येकजण त्या थंडीपासून हातभर अंतरावर निजून आले आहेत. त्यांना तें ठाऊक नव्हतें इतकेंच.

रोध कां नाहींसा होतो, याचें उत्तर १९५७ सालीं बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनीं दिलें. अतिवाहकांत इलेक्ट्रॉन एकेकटे धडपडत जात नाहींत. ते जोडीजोडीनें चालतात, आणि सर्व जोड्या एकाच तालावर चालतात. मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपुरास जाणारी दिंडी डोळ्यांपुढें आणा. शेंकडों टाळकरी, पण पाऊल एक आणि टाळ एक. एकट्या वारकऱ्याला ठेंच लागेल. तालांत चाललेल्या दिंडीला ती जाणवत नाहीं.

आतां अशा दोन दिंड्या शेजारीं शेजारीं आहेत आणि मध्यें एक पातळ भिंत आहे, असें समजा. प्रत्येकीचा ताल आपापल्या परीनें शुद्ध; पण एकीचा टाळ किंचित् आधीं पडतो, दुसरीचा मागून. भिंत फारच पातळ असेल तर काय होईल? १९६२ सालीं केंब्रिज येथील ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें हा प्रश्न स्वतःला विचारला. भिंत म्हणजे ऑक्साइडचा एक थर, एक-दोन कोटींश सेंटिमीटर जाडीचा. जोसेफसनच्या गणितानें उत्तर दिलें कीं, इलेक्ट्रॉनांच्या जोड्या त्या भिंतींतून आरपार जातील, तेंही बॅटरीचा कांहींएक दाब नसतांना. आणि प्रवाह किती, हें केवळ दोन्ही बाजूंच्या तालांतील अंतरावर ठरेल. हा तर्क इतका विलक्षण होता कीं, ज्या बार्डीन यांचें नांव मीं आतांच घेतलें, त्यांनींच त्याला छापून विरोध केला. विद्यार्थी बरोबर होता. १९६३ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत अँडरसन आणि रॉवेल यांनीं तो प्रवाह प्रत्यक्ष दाखविला. १९७३ सालीं जोसेफसनला नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. थोरांचा विरोध हा शास्त्रांत अपघात नव्हे. चांगल्या कल्पनेला बहुधा त्याच दारांतून आंत यावें लागतें.

आतां झोक्याकडे येऊं. मात्र या झोक्याला दोराऐवजीं लोखंडी दांडा आहे असें समजा, म्हणजे तो फांदीवरून पुरी गिरकी घेऊं शकेल. दोन दिंड्यांच्या तालांतील जें अंतर, तो या झोक्याचा कोन. सांध्यांतून आपण जो प्रवाह पाठवितों, तें झोक्यावर लावलेलें जोर. जोर थोडें असेल तर झोका कलून तेथेंच स्थिर राहतो: प्रवाह वाहतो, पण विद्युद्दाब शून्य. जोर एका मर्यादेपलीकडे गेलें, किंवा झोका अगदीं मर्यादेला टेकला असतां त्याला एक बारीकशी थाप बसली, कीं तो फांदीवरून उलटतो आणि पुरी गिरकी घेऊन खालीं येतो. या गिरकीच्या काळांत, आणि त्याच काळांत, सांध्याच्या दोन टोंकांमध्यें विद्युद्दाब उत्पन्न होतो. हाच आपला स्पंद.

येथें या विषयांतील सर्वांत सुंदर गोष्ट आहे, म्हणून थोडें थांबतों. जोसेफसनच्या नियमाप्रमाणें विद्युद्दाब म्हणजे कोन बदलण्याचा वेग. वेग कमीजास्त होवो. एक गिरकी पुरी झाली म्हणजे फिरलेला एकंदर कोन ठरलेलाच असतो. म्हणून दाब आणि काळ यांचा गुणाकार, म्हणजे आलेख काढला तर त्या स्पंदाच्या टेंकडीचें क्षेत्रफळ, हेंही ठरलेलेंच असतें. तें २.०७ मिलिव्होल्ट-पिकोसेकंद आहे. स्पंद एक मिलिव्होल्ट उंच असेल तर तो सुमारें दोन पिकोसेकंद रुंद असेल. अर्धा मिलिव्होल्ट उंच असेल तर चार पिकोसेकंद. अधोलीभर ज्वारी उभ्या डब्यांत ओता कीं पसरट परातींत ओता, ज्वारी अधोलीभरच. आणि ही अधोली कोणा कारागिरानें केलेली नव्हे. सांधा नायोबियमचा असो वा ॲल्युमिनियमचा, मुंबईंत केलेला असो वा मॉस्कोंत, माप तेंच राहतें. कारण तें प्लँक यांचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युद्भार या दोन नैसर्गिक संख्यांनींच बांधलेलें आहे.

झोक्याच्या बाबतींत एक अडचण राहते. एकदां उलटलेला झोका थांबेलच असें नाहीं. तो गरगर फिरत राहील, आणि मग एका थापेला एक स्पंद हा हिशेब उरणार नाहीं. अमेरिकेंतील आय. बी. एम्. कंपनीनें अनेक वर्षें खर्चून जोसेफसन सांध्यांचा संगणक बांधावयाचा यत्न केला, त्यांत हीच खोंच होती. तेथील सांधे एकदां दाबाच्या स्थितींत गेले कीं आपण होऊन परत येत नसत. प्रत्येक वेळीं चालक प्रवाह शून्यावर आणून त्यांना मागें फिरवावें लागे, आणि या मागें फिरविण्यांत सारी शीघ्रता खर्ची पडे. १९८३ सालीं तें काम कंपनीनें थांबविलें. पुढें मॉस्को विश्वविद्यालयांत लिखारेव, मुखानोव्ह आणि सेमेनोव्ह यांनीं वाट बदलली. त्यांनीं प्रत्येक सांध्याला एक लहानसा रोध समांतर जोडला. म्हणजे झोका जणूं दाट तेलांत बुडविला. आतां तो एक गिरकी घेतो आणि गप्प बसतो. स्पंद आला तर ‘एक’, न आला तर ‘शून्य’, असें संगणकाचें गणित त्यांनीं या एकेका स्पंदावर उभारलें. १९९९ सालीं अमेरिकेंतील स्टोनी ब्रूक येथें, जेथें लिखारेव पुढें स्थायिक झाले, अशा सांध्यांच्या एका गणक-मंडलानें सेकंदाला ७७,००० कोटी ठोक्यांपर्यंत, म्हणजे ७७० गिगाहर्ट्झपर्यंत, काम करून दाखविलें. आपल्या घरांतील संगणकाचा ठोका सेकंदाला कांहींशे कोटींचा असतो.

श्रोत्यांपैकीं एखादा चिकित्सक विचारील, कीं जो ठोका खसखशीच्या दाण्याइतकेंही अंतर टिकत नाहीं, तो मोजला कोणी? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचीं उत्तरें दोन आहेत.

पहिलें उत्तर असें, कीं चोरच चोराला ओळखतो. दुसरा एक सांधा घ्यावा. त्याला तीन प्रवाह द्यावे: मोजावयाचा स्पंद, आपल्या हातांतला एक तीक्ष्ण स्पंद, आणि हळूहळू वाढविण्याजोगा एक स्थिर प्रवाह. तिहींची बेरीज मर्यादेपलीकडे गेली तरच तो सांधा उलटतो. तीक्ष्ण स्पंद एका ठराविक क्षणीं पोंचवावा आणि सांधा नेमका उलटेल इतका स्थिर प्रवाह वाढवावा. त्यावरून त्या क्षणीं मूळ स्पंदाची उंची किती होती तें कळतें. मग तीक्ष्ण स्पंदाला किंचित् उशीर लावून तोच प्रयोग पुन्हां करावा. असे लाखों ठोके घेऊन स्पंदाचें चित्र बिंदूबिंदूनें उमटतें, जसें अंधाऱ्या खोलींत ठिकठिकाणीं हात लावून आपण कपाटाचा आकार जाणतों. आय. बी. एम्. मध्यें फारिस यांनीं १९८० च्या सुमारास हें साधलें.

दुसरें उत्तर अधिक सोपें. प्रत्येक स्पंदाचें माप ठरलेलें असल्यामुळें सेकंदाला किती स्पंद निघतात हें साधा, मंदगति व्होल्टमापकही सांगूं शकतो. सेकंदाला दहा हजार कोटी स्पंद निघत असतील तर सरासरी दाब ०.२०७ मिलिव्होल्ट भरतो. मापक बिचारा एकही स्पंद पाहत नाहीं, पण बेरीज चुकत नाहीं.

हाच हिशेब उलट केला कीं एक मोठा लाभ पदरांत पडतो. जळगांवच्या सराफ बाजाराची कीर्ति दूरवर आहे. पण सराफाचा तराजू खरा कीं खोटा, हें शेवटीं वजनावर ठरतें, आणि तें वजनही कोठल्या तरी मूळ वजनाशीं ताडलेलें असावें लागतें. व्होल्टचेंही तसेंच. पूर्वीं प्रमाण म्हणून रासायनिक घट जपून ठेवीत, आणि जपलेला घट वर्षानुवर्षें हळूहळू बदले. जोसेफसनच्या सांध्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या तर लहरीच्या एका ठोक्याला सांध्याची नेमकी एक गिरकी, असा मेळ बसतो. शपिरो यांनीं तो १९६३ सालीं दाखविला. लहरीचे ठोके मोजणें आपणांस अतिशय अचूक येतें. म्हणून दाबही तितकाच अचूक कळतो. लहर ७० गिगाहर्ट्झची असेल तर एक सांधा सुमारें ०.१४५ मिलिव्होल्ट देतो. दहा व्होल्ट हवे असतील तर एका चकतीवर असे सत्तर हजारांच्या घरांत सांधे ओळीनें मांडावे लागतात, आणि अशा चकत्या प्रत्यक्ष केलेल्या आहेत. दिल्लींतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत भारताचा व्होल्ट अशाच सांध्यांवर राखला जातो. २० मे २०१९ पासून प्लँकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा भार यांच्या किंमती जगानें कायमच्या ठरवून टाकल्या. तेव्हांपासून त्या अधोलीच्या मापांत तिळाएवढाही संशय उरलेला नाहीं.

येथपर्यंत मीं गुणच गाइले. आतां खर्चाचें सांगावयास हवें. स्पंदाची स्वतःची भूक फारच थोडी. एक लाख सांधे सेकंदाला हजार कोटी वेळां ठोके देत राहिले तरी स्पंदांत एका वॉटचा सुमारें पांच हजारावा भागच खर्च होईल. परंतु मूळच्या रचनेंत प्रवाह वांटून देणारे रोध याच्या कित्येक पट ऊर्जा जाळीत, आणि त्यावर तोड काढण्यांत पुष्कळ वर्षें गेलीं. शिवाय उणें २६९ अंशांवर एक वॉट उष्णता उपसावयाची तर बाहेर शेंकडों वॉट, आणि लहान यंत्रांत त्याहूनही पुष्कळ अधिक, खर्चावे लागतात. म्हणून हे स्पंद आपल्या खिशांतील दूरध्वनींत येतील असें कोणी सांगितलें तर विश्वास ठेवूं नये. जेथें थंडी आधींच केलेली आहे तेथेंच त्यांचें खरें काम. आणि तसें एक ठिकाण आपल्या महाराष्ट्रांत आहे.

मुंबईंत कुलाब्याच्या टोंकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथें राजामणि विजयराघवन यांच्या गटानें जोसेफसन सांधे वापरून क्युबिट, म्हणजे पुंज-संगणकाचे मूळ घटक, तयार केले. ऑगस्ट २०२४ मध्यें या संस्थेनें आणि डी. आर्. डी. ओ. च्या पुण्यांतील क्वांटम तंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेनें मिळून सहा क्युबिटांच्या यंत्राची चांचणी पुरी झाल्याचें जाहीर केलें. क्युबिटांची रचना व घडण मुंबईची, नियमन व मोजणीचीं साधनें पुण्याचीं, आणि दूरवरून यंत्राला काम सांगण्याची सोय टाटा कन्सल्टन्सीची. २०२५ सालचें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळालें, त्या क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांनीं १९८४-८५ च्या सुमारास बर्कले येथें याच सांध्यावर प्रयोग केले होते. आणि विजयराघवन हे पुढें येल येथें डेव्होरे यांचेच विद्यार्थी. २०२३ सालीं केंद्र सरकारनें राष्ट्रीय क्वांटम अभियानास ६,००३ कोटी रुपयांवर रक्कम मंजूर केली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं आकड्याला मोठीं अक्षरें दिलीं. सहा क्युबिटांनीं कोणतेंही व्यावहारिक गणित सुटत नाहीं, हें लहान अक्षरांत तरी यावयास हवें होतें. तथापि सहा क्युबिट आपल्या हातांनीं घडवून चालविणें ही हिणविण्यासारखी गोष्ट नव्हे.

अडचण पुढें आहे. क्युबिट निरपेक्ष शून्याच्या वर केवळ एक-दोन शतांश अंशांवर ठेवावे लागतात. त्यांना आज्ञा देणारे सूक्ष्मलहरींचे स्पंद मात्र खोलीच्या उष्णतेंत, बाहेरच्या पेटाऱ्यांत तयार होतात आणि तारांवाटे खालीं उतरतात. प्रत्येक तार आज्ञेबरोबर उष्णताही खालीं नेते. सहा क्युबिटांना हें निभतें. लाखभर क्युबिटांना तितक्या तारा त्या थंडपेटींत शिरणारच नाहींत, आणि शिरल्या तर थंडी उरणार नाहीं. म्हणून आज्ञा त्या थंडींतच जन्मावी असा विचार पुढें आला, आणि तेथें आपला दोन पिकोसेकंदांचा स्पंद उपयोगी पडतो. क्युबिटाचें एक आंदोलन, तें पांच गिगाहर्ट्झचें धरलें तर, २०० पिकोसेकंदांचें असतें. त्याच्या पुढें स्पंद म्हणजे केवळ एक निमिषमात्र थाप. दर आंदोलनाला नेमक्या क्षणीं एक थाप दिली तर क्युबिट हळूहळू एका स्थितींतून दुसरींत जातो. आखाजीचा झोका देणारी मुलगी हेंच करीत असते. आणि प्रत्येक थापेचें माप निसर्गानेंच ठरविलेलें असल्यामुळें हात जडहलका होण्याची भीति नाहीं. विस्कॉन्सिन विश्वविद्यालयांतील मॅकडरमट आणि वाविलोव्ह यांनीं ही कल्पना २०१४ सालीं मांडली, आणि २०१९ सालीं ती प्रयोगानें सिद्ध झाली.

सिद्ध झाली, पण निर्दोष नव्हे. एकाच चकतीवर स्पंद देणारे सांधे आणि क्युबिट शेजारीं ठेवले असतां स्पंदांच्या धक्क्यानें इलेक्ट्रॉनांच्या कांहीं जोड्या फुटत, आणि ते सुटे इलेक्ट्रॉन क्युबिटाच्या नाजूक स्थितीचा भंग करीत. दिंडींतून फुटलेले वारकरी शेजारच्या दिंडींत घुसावे, तसा हा प्रकार. पुढें स्पंदांची चकती वेगळी आणि क्युबिटांची वेगळी करून दोन्ही समोरासमोर जोडल्या, तेव्हां चुका पुष्कळ कमी झाल्या. तरी नेहमींच्या सूक्ष्मलहरींची अचूकता अजून गांठावयाची राहिली होती.

टाटा संस्थेंतच मंदार देशमुख यांचा गट वेगळ्या वाटेनें चालला आहे. बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम आणि तांबें यांच्या ऑक्साइडाचे अत्यंत पातळ पापुद्रे एकमेकांवर तिरपे ठेवून त्यांनीं जोसेफसन सांधा केला, आणि तो द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत, म्हणजे उणें १९६ अंशांपर्यंत, काम करतो असें २०२४ सालीं प्रसिद्ध केलें. त्या सांध्यांतून अतिवाहक प्रवाह एका दिशेनें अधिक आणि उलट दिशेनें कमी जातो. द्रव नायट्रोजन ही आपल्या ओळखीची वस्तु आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यांत संकरित वळूंचें वीर्य ज्या थंड पिंपांत जपतात, त्यांत तोच असतो. कुलाब्याच्या सहा क्युबिटांना मात्र हेलियमचीच थंडी लागते, आणि त्यांना मिळणाऱ्या आज्ञा वरून तारांवाटे उतरतात.